ऊन फुकट, तास महाग

सोलर विकायला येणारा माणूस कारखान्यात शिरला की आधी वर बघतो. छप्पर किती फुटांचं, उतार कुठल्या दिशेला, किती किलोवॅट बसतील, वॉटला काय रेट. अर्ध्या तासात मोजमाप उरकतं आणि संध्याकाळपर्यंत कोटेशन व्हॉट्सॲपवर येऊन पडतं. पहिल्या ओळीत ‘चार वर्षांत पैसे वसूल’, शेवटच्या ओळीत ‘पुढची एकवीस वर्षं वीज फुकट’. हा कारखाना वीज किती वाजता वापरतो, याचा त्यात कुठेच पत्ता नसतो. मालकही विचारत नाही. बोलणी रेटवर अडतात आणि रेटवरच सुटतात.

लघुउद्योजक फसतो तो इथेच. पत्र्यावर तयार होणाऱ्या युनिटची किंमत एकट्या उन्हावर ठरत नाही. ते युनिट कुठल्या तासाला तयार झालं आणि कुठल्या तासाच्या वापरातून वजा झालं, यावर ती ठरते. आणि हे तास कुणी ठरवायचे? वीज नियामक आयोगाने. कितीदा बदलायचे? त्याला धरबंध नाही.

लहान कारखान्याने सोलर बसवावं, आणि लवकर बसवावं, असंच माझं ठाम मत आहे. म्हणूनच त्यातल्या मेखा कुणीतरी मोकळेपणाने सांगायला हव्यात.

शिरोलीतलं नाहीतर भोसरीतलं एखादं मशिनशॉप डोळ्यांसमोर आणा. चार सीएनसी, दोन व्हीएमसी, एक कॉम्प्रेसर, वीसेक कामगार, डोक्यावर पाच हजार फुटांचा पत्रा. त्यावर ५० किलोवॅट बसवायचे म्हणजे साडेपाचशे वॉटची नव्वद-एक्याण्णव पॅनेलं. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. म्हणजे रोजची २००, महिन्याची ६,०००, वर्षाची ७२-७३ हजार युनिट. किलोवॅटला ४५ हजार रुपये खर्च धरला तर साडेबावीस लाख. वाचलेलं युनिट नऊ रुपयांचं धरलं तर वर्षाला साडेसहा लाख वाचतात आणि साडेतीन वर्षांत पैसे सुटतात. आयकरात पहिल्या वर्षी ४० टक्के घसारा मिळतो. त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नोंदणी असलेल्या कारखान्याला तो पूर्वीही वळता करून घेता येत होता, पण मधल्या काळात अडकून पडणारी रक्कम आता कमी झाली. हातावर पोट असलेल्या उद्योगाला तेवढाही दिलासा मोठा असतो.

गणित चांगलंच आहे. फक्त ‘युनिट नऊ रुपयांचं’ हे त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे.

महाराष्ट्रात कित्येक वर्षं उद्योगांच्या टीओडी, म्हणजे तासांनुसार वेगळा दर लावणाऱ्या, मीटरवर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती. सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत जादा आकार. म्हणून तर कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांमध्ये भट्ट्या रात्री लागायच्या. आयोगाच्या २०१९ च्या नियमावलीने याच घड्याळात छपरावरच्या सोलरची सोय लावली होती. ज्या तासांत वीज तयार झाली त्याच तासांच्या वापरातून ती आधी वजा करायची. उरली तर ती ऑफ-पीक, म्हणजे स्वस्त तासांत तयार झाली असं धरायचं. स्वस्त तास रात्रीचे होते. त्यामुळे दुपारी उरलेलं युनिट रात्रपाळीच्या वापरातून वजा व्हायचं. दोन पाळ्या चालवणाऱ्या माणसाने हे वाचलं, वहीवर आकडे मांडले आणि बँकेत जाऊन कर्ज काढलं.

मग २८ मार्च २०२५ चा दरआदेश आला. रात्रीची सवलत गेली. स्वस्त तास सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच झाले. जादा आकार संध्याकाळी पाच ते मध्यरात्र. या एका फेरबदलाने सोलरवाल्या उद्योजकाला दोन्हीकडून मारलं. दिवसाचं युनिट स्वस्त झालं, म्हणजे पत्र्यावरच्या युनिटने वाचणारे पैसेही घटले. आणि ऑफ-पीक दिवसात आल्यामुळे दुपारचं उरलेलं युनिट रात्रपाळीकडे वळवायची वाटच बुजली. २ एप्रिलला आयोगाने स्वतःच त्या आदेशाला स्थगिती दिली. २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला. वाद पुढे न्यायालयात गेला. एका तिमाहीत आदेश, स्थगिती आणि पुन्हा आदेश. एवढ्या काळात वर्कशॉपवाल्याच्या कर्जाचे तीन हप्ते गेले.

घड्याळ बदलायची दिशा चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. दुपारी ग्रीडमध्ये सौर वीज भरपूर असते. सूर्य कलला की ती झपाट्याने खाली येते, आणि नेमकं तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात. ती वेळ कोयनेच्या पाण्यावर आणि औष्णिक केंद्रांवर निभवावी लागते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या दुरुस्तीनेही सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे. दिवसा वापरा, संध्याकाळी हात आखडता घ्या, हा संदेश रास्त आहे. नव्याने बसवणाऱ्याला तो खुशाल लागू करा.

पण ज्याने आधीचा नियम वाचून पैसे घातले, त्याच्या पायाखालची सतरंजी ओढायचा अधिकार कुणाला नसावा. पॅनेलची हमी २५ वर्षांची, कर्जाची मुदत पाच-सात वर्षांची, आणि नियमाची हमी पुढच्या सुनावणीपर्यंतची. केंद्रानेही हेच केलं होतं. डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत नेट मीटरिंग, म्हणजे तयार केलेली वीज बिलातल्या वापरातून वजा करायची सोय, १० किलोवॅटपर्यंतच ठेवलं. म्हणजे एकही धड कारखाना त्यात बसला नसता. ओरड झाली. जून २०२१ मध्ये ती मर्यादा ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांतली जी कमी असेल ती, अशी झाली. सुधारणा झाली, चांगलंच झालं. पण मधले सहा महिने ज्यांनी ऑर्डरी थांबवल्या, त्यांचं नुकसान कुणाच्या खात्यात मांडायचं?

आता दुसरी मेख. ही आयोगाच्या दारातली नाही, आपल्याच पॅनेल रूममधली आहे.

सोलर बसतं, युनिट कमी होतात, मालक खूश. दोन महिन्यांनी बिल हातात येतं तर पॉवर फॅक्टर घसरलेला. वायरमन म्हणतो कपॅसिटर खराब. कपॅसिटर बदलतात, पुन्हा तेच. यात गूढ काही नाही. मशिनशॉप ४० किलोवॅट घेतंय आणि पॉवर फॅक्टर ०.९५ आहे असं धरा. त्याच्या मोटारी १३ केव्हीएआर रिॲक्टिव्ह वीज ओढत असतात. भर दुपारी सोलर ३० किलोवॅट देतं. आता ग्रीडकडून फक्त १० किलोवॅट घ्यायचे, पण रिॲक्टिव्ह वीज पूर्वीइतकीच, १३. मीटरच्या लेखी ही बेरीज १६.५ केव्हीए होते आणि त्या घटकेचा पॉवर फॅक्टर ०.६०. बिल केव्हीएएचवर, म्हणजे रिॲक्टिव्ह वीज धरून, असेल तर दहाच्या जागी साडेसोळाचा हिशोब लागतो. मोटारी त्याच, माणसं तीच, फक्त मीटरला दिसणारं चित्र बदललेलं.

उपाय अवघड नाही. कपॅसिटर पॅनेलचा सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, ग्रीडच्या बाजूला आहे ना, ते तपासायचं. मोठ्या टप्प्यांचे कपॅसिटर असतील तर लहान टप्प्यांचे घालायचे. बहुतेक नव्या इन्व्हर्टरना रिॲक्टिव्ह वीज द्यायलाही सांगता येतं, ती सेटिंग करून घ्यायची. हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्यायला हवं. काम झाल्यावर विचारलं तर विकणारा म्हणतो, ‘ते तुमच्या इलेक्ट्रिशियनचं काम.’ इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘सोलरवाल्याला विचारा.’ आणि दंड मालक भरतो.

तिसरी मेख डिमांड चार्जेसची. सोलरने युनिट कमी होतात, कमाल मागणी सहसा कमी होत नाही. जुलैतल्या एखाद्या काळोख्या दुपारी सगळी मशिनं चालू असली की तेवढ्या अर्ध्या तासाची मागणी नोंदली जाते आणि महिनाभराचा आकार तिच्यावर लागतो. ‘बिल शून्य’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवा. कारखान्याचं बिल शून्य होत नसतं.

चौथी: लाइट गेली की सोलरही बंद. भर उन्हात. दर दुसऱ्या मालकाला हे बसवल्यावरच कळतं. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रीड गेल्याबरोबर स्वतःला तोडून घेतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगात तुमच्या पत्र्यावरची वीज उतरता कामा नये. हा नियम चोख आहे आणि त्यात सूट मागायचीही नाही. डिझेल जनरेटर लावून सोलर चालवायचं असेल तर त्यासाठी वेगळा कंट्रोलर लागतो. नाहीतर सोलरची जादा वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते आणि तो बिघडतो.

आता वर चला, पत्र्यावर.

जुन्या औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी शेडांवर अजून सिमेंटचे पत्रे आहेत. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांचे. वरून ते भक्कम दिसतात आणि पाय पडला की तडकतात. एकेक पॅनेल जवळपास २८ किलोचं. ते खांद्यावर घेऊन अशा पत्र्यावर चढवलेली पोरं कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे रोजंदारीवर असतात. खाली मशिनचा बेड नाहीतर काँक्रीटची जमीन. ‘पत्रा चांगला आहे, चालतंय’ या एका वाक्यावर त्यांचा जीव टांगलेला असतो. सिमेंटचा पत्रा असेल तर आधी तो काढून लोखंडी पत्रा घालायचा, कैच्या आणि पर्लिन वजन पेलतील का हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्यायचं. चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि तो अडकवायला दोर, चालायला फळी किंवा जाळी. हे खर्च टाळून वॉटमागे दोन रुपये वाचवणाऱ्या मालकाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

पॅनेल बसलं की ‘आता बघायला नको’ हाही एक समज. फाउंड्रीशेजारच्या शेडवर आठवड्याभरात काळी, चिकट राख बसते. बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, तेही निघत नाहीत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकायची भीती. धुवायचं ते उजाडताना, मऊ पाण्याने. आणि मे महिन्यातलं रणरणतं ऊन सर्वांत जास्त वीज देतं असं वाटत असेल तर तेही चूक. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजतात. त्यापुढे प्रत्येक अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्का घट होते. पत्र्यावरचं पॅनेल ६० अंशांवर गेलं की दहा-बारा टक्के तिथेच गेले. सरासरी चार युनिट खरी, पण महिन्यामहिन्यांत फरक असतो, आणि हप्ता मात्र बाराही महिने सारखा.

फाउंड्रीचं दुखणं आणखी वेगळं. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. म्हणजे ५० किलोवॅटची दिवसभराची कमाई एका टनालाही पुरत नाही. पत्र्यावरच्या सोलरने भट्टी चालत नसते. ऑफिस, कॉम्प्रेसर, सँड प्लँट आणि मशिनिंगचा काही भार, एवढंच होतं. भट्टीसाठी दुसरी वाट आहे. दुसरीकडच्या प्रकल्पातून थेट वीज घ्यायची असेल तर आधी एक मेगावॅटची अट होती, ती २०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी १०० किलोवॅटवर आणली. काही फाउंड्र्यांनी मिळून ग्रुप कॅप्टिव्ह प्रकल्प उभा करायचा, सगळ्यांचा मिळून किमान २६ टक्के भांडवली वाटा आणि किमान ५१ टक्के विजेचा स्वतःसाठी वापर, ही अट पाळायची. मोठ्या कंपन्या हे कधीच करून बसल्या. लहानांना करार वाचायला वकील परवडत नाही. हे काम उद्योजकांच्या संघटनांचं आहे. स्नेहसंमेलनं आणि सत्कार पुरे झाले. एक चांगला वकील आणि एक ऊर्जा सल्लागार संघटनेच्या पगारावर ठेवा.

आणि ज्याचं छप्परच त्याचं नाही, त्याने काय करायचं? लहान उद्योगांतले कितीतरी जण भाड्याच्या गाळ्यात आहेत. करार अकरा महिन्यांचा, पॅनेल पंचवीस वर्षांचं. गाळामालक म्हणतो, ‘पत्र्याला भोकं पाडायची नाहीत.’ या माणसाचा विचार धोरणात फारसा दिसत नाही. दुसऱ्या जागी तयार केलेली वीज आपल्या बिलात वळती करून घ्यायची सोय लहान भाडेकरूलाही सुटसुटीतपणे मिळाली पाहिजे. घरगुती ग्राहकाला पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. कारखान्याला त्यातला पैसा मिळत नाही, आणि तो मिळावा असा माझा आग्रहही नाही. धंदा करणाऱ्याने धंद्याच्या हिशोबानेच पैसे घालावेत. पण ज्या हिशोबावर त्याने पैसे घातले, तो हिशोब मध्येच फिरवू नये, एवढं मागायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

एक टोला मोठ्या कंपन्यांनाही. जॉबवर्क देणाऱ्या बड्या खरेदीदारांच्या प्रश्नावल्या हल्ली येतात: तुमच्या विजेत हरित वीज किती टक्के? प्रश्न योग्य आहे. पण विचारणाऱ्याने आधी आपलं पेमेंट किती दिवसांत होतं ते बघावं. लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे, हे २००६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. ते ९० दिवसांनी देणाऱ्याला पुरवठादाराच्या छपराची चौकशी करायचं तोंड नाही. पैसे वेळेवर द्या, त्यातूनच सोलरचा हप्ता सुटेल.

तर मालकांनो, कोटेशन उघडण्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. त्यावर तासांच्या विभागांनुसार युनिट छापलेली असतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत तुम्ही किती वापरता, तो आकडा लाल पेनाने गोल करा. सोलर तेवढ्याच वापराच्या मापाने घ्या, छपराच्या मापाने घेऊ नका. साप्ताहिक सुट्टीची वीज बाहेर जाणार हेही धरा. वर्षअखेरीला उरलेल्या युनिटला मिळणारा दर तुमच्या खरेदीच्या दरापेक्षा फारच कमी असतो. जे काम दिवसा आणता येईल ते आणा: हीट ट्रीटमेंटची भट्टी, पाण्याचे पंप, फोर्कलिफ्टचं चार्जिंग. नियम कितीही फिरले तरी तयार होताच आपल्याच मशिनमध्ये वापरलेलं युनिट कुठल्याही वजावटीच्या वादात सापडत नाही.

आणि आयोगाकडे, सरकारकडे मागणी एकच. प्रकल्प ज्या दिवशी चालू झाला त्या दिवशीचा वजावटीचा नियम त्या प्रकल्पाला किमान दहा वर्षं लागू राहील, हे लेखी द्या. नवा नियम नव्या प्रकल्पांना लावा, हवा तितक्या वेळा बदला. वीस माणसांना रोजगार देणारा, स्वतःच्या कर्जाने स्वतःची वीज तयार करणारा माणूस सरकारी तिजोरीतलं काही मागत नाहीये. दिलेला शब्द पाळा, एवढंच त्याचं म्हणणं आहे. तो शब्द पाळला जाणार असेल तर या राज्यातल्या औद्योगिक वसाहतींचे पत्रे भरायला कुठल्याही योजनेची आणि कुठल्याही जाहिरातीची गरज पडणार नाही. आमचे वर्कशॉपवाले हिशोबाला पक्के आहेत.